जर्मनीतलं मराठी घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूरकडून जर्मनीत आलेली किंवा यायच्या तयारीत असलेली कुटुंबं मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. नोकरी आणि व्हिसाची माहिती कुठेही मिळते. पण मुलाचा डबा, रात्रीचा ताप, खालच्या मजल्यावरच्या आजी, येऊ घातलेल्या सासूबाई यांबद्दल विचारायला माणूस सापडत नाही. आकडे 2026 च्या सुरुवातीचे आहेत. शाळा आणि पाळणाघर हे इथे 16 राज्यांचे आपापले विषय आहेत, म्हणून त्या बाबतीत तुमच्या गावच्या कार्यालयात एकदा विचारून घ्याच.

इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. इथे तुमच्या मनातलं कुणी ओळखणार नाही. तेच तुम्ही आधी, स्पष्ट आणि शक्यतो लेखी सांगितलंत, तर बहुतेक गोष्टी होतात. खालच्या बऱ्याच उत्तरांत हे पुन्हा येईल.

1. घर मिळालं. आता सगळ्यात आधी काय करायचं?

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा, म्हणजे आनमेल्डुंग. घरमालकाच्या सहीचं पत्र, सगळ्यांचे पासपोर्ट, लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला सोबत न्या. या एका कागदावर बँक, आरोग्य विमा, कर क्रमांक आणि किटाची (पाळणाघर-बालवाडीची) जागा असं सगळं अवलंबून असतं. अर्जात धर्माचा रकाना असतो. चर्च कर फक्त त्या त्या चर्चच्या सभासदांना लागतो, तो हिंदू कुटुंबाला लागत नाही, पण रकाना नीट वाचून भरा.

त्याच दिवशी टपालपेटीवर आणि बेलवर घरातल्या सगळ्या आडनावांची चिठ्ठी लावा. बायकोचं आडनाव माहेरचं असेल तर तेही हवं. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं, आणि इथे अजूनही सगळं पत्रानेच येतं. काही आठवड्यांनी रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येईल, महिना 18.36 युरो. टीव्ही नसला तरी ते भरावं लागतं. घरामागे एकच लागतं, माणसामागे नाही.

मुलं असतील तर किंडरगेल्डचा, म्हणजे सरकारी बालभत्त्याचा, अर्ज लगेच करा. मुलामागे महिना 259 युरो मिळतात आणि मागची बाकी फक्त सहा महिन्यांपर्यंतचीच देतात. ‘सेटल झाल्यावर बघू’ म्हणून वर्ष घालवलेल्या कितीतरी घरांनी हे पैसे गमावले आहेत.

2. घरात स्वयंपाकघरच नाही! आणि फोडणीच्या वासाने घरमालक वैतागेल का?

रिकाम्या घरात ओटा, शेगडी, सिंक काहीच नसणं इथे नेहमीचं आहे. आधीच्या भाडेकरूचं स्वयंपाकघर विकत घेता येतं का ते घर पाहतानाच विचारा. ठेव म्हणजे काउत्सिओन तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त घेता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देता येते.

वासापेक्षा वाफेची काळजी करा. घरं थंडीसाठी घट्ट बंद असतात. कुकरच्या शिट्ट्या, उकळतं वरण आणि घरात वाळत घातलेले कपडे या सगळ्याची वाफ भिंतीवर बसते आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. घर सोडताना सगळ्यात कडू भांडण याच बुरशीवरून होतं. उपाय सोपा आहे. दिवसातून दोन-तीनदा, आणि स्वयंपाक झाल्यावर लगेच, समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवायची, मग बंद. खिडकी दिवसभर तिरकी किलकिली ठेवली तर भिंत गार पडते आणि बुरशी वाढते. बाहेर शून्याखाली असलं तरी खिडकी उघडायची, हे आपल्या मनाला पटायला वेळ लागतो.

3. शेजाऱ्यांनी मुलांच्या आवाजाची तक्रार केली. आता?

रात्री 10 ते सकाळी 6 ही शांततेची वेळ, आणि रविवार पूर्ण दिवस. मिक्सर, व्हॅक्यूम, भिंतीत खिळा ठोकणं, अगदी काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या डब्यात टाकणं हे सगळं रविवारी टाळा. इडलीचं पीठ शनिवारी वाटून ठेवायची सवय सगळ्यांना लागते.

मुलांचा आवाज मात्र वेगळा. मूल रडणं, खेळणं हा स्वाभाविक आवाज मानला जातो. किटा आणि खेळाच्या मैदानांबाबत तर 2011 पासून कायद्यातच तसं लिहिलं आहे. त्यामुळे घाबरून मुलांना दिवसभर ‘हळू, हळू’ करू नका. रात्री अकराला सोफ्यावरून उड्या मारणं यात बसत नाही.

मी प्रत्येकाला एक काम करायला सांगते. घरात आलात की पहिल्याच आठवड्यात वर-खाली-शेजारी बेल वाजवून स्वतःची ओळख करून द्या. नव्याने आलेल्याने जायचं अशी इथली पद्धत आहे, ते तुमच्याकडे येणार नाहीत. पाहुणे येणार असतील तर दोन दिवस आधी जिन्यात चिठ्ठी लावा. ज्यांना तुमचं नाव माहीत आहे ते आधी दार वाजवतात, घरमालकाला पत्र नंतर लिहितात.

4. किराण्याचं काय? कशाला पर्याय मिळतो?

सगळं मिळतं, फक्त कोणत्या दुकानात हे कळायला हवं. कोथिंबीर, पुदिना, भेंडी, वांगी, चांगले कांदे तुर्की दुकानात. डाळी, पोहे, गोडा मसाल्याचं साहित्य, चपातीचा आटा भारतीय किंवा आशियाई दुकानात. साध्या सुपरमार्केटमधलं 405 क्रमांकाचं पीठ हा आपला मैदा आहे, त्याच्या पोळ्या करून निराश होऊ नका. बुटरश्माल्त्स म्हणजे साजूक तूपच. बुटरमिल्श ताकाला चालतं. श्रीखंडासाठी 40 टक्क्यांचा क्वार्क फडक्यात तीन-चार तास टांगून ठेवा. चक्का इतका छान होतो की चितळ्यांच्या डब्याची आठवण कमी येते. रव्यासाठी ‘वाइखवाइत्सनग्रीस’ पाहा.

दुकानं रविवारी बंद असतात. मोठ्या स्टेशनांवरची काही दुकानं, पेट्रोल पंप आणि सकाळी काही तास बेकऱ्या उघड्या असतात, एवढंच.

5. आईने दिलेल्या खाऊतलं विमानातून काय आणता येतं?

युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. म्हणजे घरचं तूप, खवा, पेढे, बर्फी, पनीर नको. ताजी फळं-भाज्यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे हापूसची पेटी, कढीपत्ता, आळूची पानंही नको. नारळ, केळी, अननस, खजूर आणि दुरियन या पाचांना मात्र सूट आहे. मसाले, मेतकूट, भाजणी, पापड, लोणची, तिळाची चिक्की हे बिनदुधाचं सगळं निर्धास्त आणा.

दागिने हा दुसरा मुद्दा. विमानाने आलात तर नव्या वस्तूंची करमुक्त मर्यादा मोठ्या माणसामागे 430 युरो आहे. लग्नातले जुने दागिने अंगावर किंवा सोबत असतील तर फोटो आणि जुन्या पावत्या फोनमध्ये ठेवा.

6. किटात जागा कधी आणि कशी मिळते?

मूल एक वर्षाचं झालं की पाळणाघरात किंवा टागेसमुटरकडे, म्हणजे मुलं सांभाळणाऱ्या परवानाधारक बाईकडे, जागा मिळणं हा 1 ऑगस्ट 2013 पासून कायदेशीर हक्क आहे. प्रत्यक्षात मोठ्या शहरांत रांग असते. आनमेल्डुंग झाल्या झाल्या नगरपालिकेच्या पोर्टलवर नाव घाला आणि शक्य त्या प्रत्येक किटाच्या प्रमुखांना स्वतः जाऊन भेटा. फक्त पोर्टलवर विसंबून राहणाऱ्यांना उशीर होतो.

जागा मिळाल्यावर आइनगेव्योनुंग असतं. पहिल्या दिवसापासून मूल सोडून जाता येत नाही. आई किंवा बाबा सोबत बसतात, मग दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास, असं करत दोन ते चार आठवडे जातात, कधी जास्तही. नवी नोकरी त्याच आठवड्यात सुरू करू नका. मला ही पद्धत मनापासून आवडते. रडणारं मूल दारात सोडून पळ काढण्यापेक्षा हे शंभर पटींनी चांगलं आहे.

किटा आणि शाळेसाठी गोवराची लस बंधनकारक आहे. भारतातलं लसीकरणाचं कार्ड जपून आणा. बीसीजी इथे नेमाने देत नाहीत. दंडावरचा व्रण कशाचा हे डॉक्टरांना आपणहून सांगा, नाहीतर पुढे क्षयाच्या त्वचा चाचणीत विनाकारण गोंधळ होतो.

7. आम्ही शाकाहारी आहोत. किटात ते सांभाळतात का?

हो, पण करार करतानाच लिहून द्या: मांस नाही, मासे नाहीत, अंडं चालतं की नाही, जिलेटिन नाही. नुसतं ‘शाकाहारी’ म्हटलं तर अंडं आणि दूध धरलेलंच असतं, आणि काही जण माशांबद्दल पुन्हा विचारतात. जिलेटिनचा उल्लेख विसरू नका. वाढदिवसाला वाटतात त्या अस्वली गोळ्यांत बहुधा डुकराचं जिलेटिन असतं. मी किटात बिनजिलेटिनच्या गोळ्यांचं एक पाकीट नाव घालून ठेवायला सांगते. इतर मुलांना गोळ्या वाटताना आपल्याला मिळत नाही, याचं दुःख लहान मुलाला फार होतं.

घरून डबा न्यायचा असेल तर सकाळचा डबा थंडच असतो: ब्रेड, काकडी, सफरचंद. पराठ्याचे तुकडे, थालीपीठ, ढोकळा छान चालतात. मूल ‘मला सगळ्यांसारखा ब्रेडच दे’ म्हणालं तर वाईट वाटून घेऊ नका. द्या ब्रेड. संध्याकाळी वरणभात आहेच.

8. मुलाला 39 ताप आहे आणि डॉक्टर काहीच औषध देत नाहीत!

हा प्रश्न नोव्हेंबर ते मार्च दर आठवड्याला येतो. इथले बालरोगतज्ज्ञ विषाणूच्या तापाला प्रतिजैविकं देत नाहीत. विश्रांती, पाणी आणि गरज पडली तर पॅरासिटामोल, बहुधा शौचमार्गे द्यायची वडी. हे हयगयीने नाही, विचाराने केलेलं असतं. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप असेल, किंवा मूल सुस्त पडलं, पाणी घेईना, श्वास जोरात चालला तर मात्र थांबायचं नाही. दवाखाना बंद असताना 116117, जीवावर बेतलं तर 112.

सरकारी विमा असेल तर 12 वर्षांखालच्या आजारी मुलासाठी प्रत्येक पालकाला वर्षाला मुलामागे 15 दिवस रजा मिळते, एकट्या पालकाला 30. त्या काळात विमा कंपनी बुडालेल्या निव्वळ पगाराच्या साधारण 90 टक्के देते. डॉक्टरांचा दाखला लागतो. अट अशी की घरात मुलाकडे पाहायला दुसरं कुणी नसावं. किटाच्या पहिल्या हिवाळ्यात मूल सतत आजारी पडतं, त्यामुळे हे दिवस दोघांनी वाटून घ्या. बाबांनीही घ्यावेत. इथे त्याचं कुणाला नवल वाटत नाही.

9. घरी मराठी बोललो तर मुलाचं जर्मन मागे पडेल का?

नाही. मोडकं जर्मन घरी बोलण्यापेक्षा सकस मराठी बोला, असंच इथल्या किटातल्या शिक्षिकाही सांगतात. मूल जर्मन बाहेर शिकतंच, मराठी मात्र तुमच्याशिवाय कुणाकडून मिळणार नाही.

साधारण चौथ्या वर्षी मूल मराठी समजतं पण उत्तर जर्मनमध्ये देतं. इथे बहुतेक पालक हार मानतात आणि स्वतःही जर्मनकडे वळतात. वळू नका. ‘मराठीत बोल’ असं दटावूही नका. त्याचं वाक्य तुम्ही मराठीत सहज परत म्हणा आणि बोलणं पुढे न्या. आजी-आजोबांशी रोजचा व्हिडिओ कॉल ‘हॅलो बोल, बाय बोल’ असा नको. आजीने गोष्टीचं पुस्तक वाचावं, आजोबांनी पत्ते खेळावेत. ज्या माणसाला जर्मन येतच नाही त्याच्याशी बोलताना मूल शब्द शोधतं. मोठ्या शहरांतली मराठी मंडळं मुलांचे वर्ग घेतात, तिथे दुसरी मराठी मुलं भेटतात. देवनागरी सहाव्या-सातव्या वर्षी, रोमन अक्षरं पक्की झाल्यावर सुरू केली तर सोपी जाते.

10. भावाचं लग्न फेब्रुवारीत आहे. शाळेतून तीन आठवडे रजा काढता येईल?

तीन आठवडे मिळणं अवघड. इथे शाळेत जाणं ही कायदेशीर सक्ती आहे, घरी शिकवण्यालाही परवानगी नाही. न सांगता मूल नेलं तर दंड होतो. सुट्टीच्या आदल्या दिवसांत विमानतळावर पोलिस शाळकरी मुलं असलेल्या कुटुंबांना विचारतात. 2018 मध्ये बव्हेरियातल्या मेमिंगेन विमानतळावरच्या अशा तपासणीची देशभर चर्चा झाली होती. ‘आजारी होता’ असं खोटं पत्र देऊ नका. मूल वर्गात हत्तीची आणि मांडवाची गोष्ट सांगणारच.

सख्ख्या भावाचं लग्न हे महत्त्वाचं कारण मानून मोजके दिवस सुट्टी देतात. दोन-तीन महिने आधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज करा, सोबत पत्रिका आणि तिचा जर्मन सारांश जोडा. सणासाठीही एखादा दिवस मिळू शकतो, ते राज्यावर अवलंबून आहे. शाळेत न जाणाऱ्या मुलांना यातलं काही लागू नाही. घरातल्या मृत्यूसाठी प्रश्न 18 पाहा.

11. मुलीला ‘1’ मिळाला म्हणून आजोबा काळजीत आहेत. आणि चौथीनंतर काय ही भानगड?

1 सर्वोत्तम, 6 नापास. आजोबांना पेढे वाटायला सांगा.

प्राथमिक शाळा बहुतेक राज्यांत चौथीपर्यंत, बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीपर्यंत. त्यानंतर मुलं गिम्नाझियुम (विद्यापीठाच्या वाटेची), रेआलशूल (मधली), गेझाम्टशूल (सगळ्यांची एकत्र) अशा वेगवेगळ्या वाटांनी जातात. मराठी आईवडील इथे फार घाबरतात. दहाव्या वर्षी आयुष्य ठरत नाही. एका वाटेवरून दुसरीवर जाता येतं, आणि कारागिरीचं तीन वर्षांचं प्रशिक्षण घेऊन उत्तम जगणारी माणसं तुमच्या इमारतीतच राहत असतील. उशिरा आलेल्या आणि जर्मन कच्चं असलेल्या मुलाबद्दल मात्र वर्गशिक्षिकेशी तिसरीपासूनच बोला. गणित उत्तम असूनही भाषेमुळे पुढच्या शाळेसाठीची शिफारस खाली आली, असं होऊ शकतं.

12. सहा वर्षांची मुलं एकटी शाळेत जातात. आम्हीही पाठवायचं?

पाठवायलाच हवं असं नाही, पण काही काळाने मूलच मागेल. काही आठवडे सोबत चाला, मग वीस पावलं मागून, मग कोपऱ्यापर्यंत. त्याच रस्त्याने जाणारी दोन मुलं शोधली की आईचा आणि मुलाचा दोघांचा धीर वाढतो. पोहणं मात्र टाळू नका. तळी आणि नद्या सगळीकडे आहेत. 25 मीटर पोहण्याची पहिली परीक्षा, झेफेर्डशेन, पाच-सहा वर्षांची मुलं देतात. वर्गांना रांग असते, नाव लवकर घाला.

13. रागाच्या भरात मुलाला एक चापट मारली. किटातल्या बाईंना कळलं तर?

सन 2000 पासून जर्मन नागरी कायद्यात मुलांना मारहाणीविना वाढवलं जाण्याचा हक्क आहे. चापट, कान पिळणं, अपमान करणं यांतलं काहीच चालत नाही. ‘आम्हीही मार खाऊनच मोठे झालो’ हे इथे कारण होत नाही, आणि माझ्या मते कुठेच होऊ नये.

युगेंडआम्ट, म्हणजे बालकल्याण कार्यालय, मुलं काढून नेतं अशी भीती आपल्याकडे पसरलेली आहे. मूल घरातून हलवणं हा गंभीर धोक्यातला शेवटचा उपाय असतो. त्या कार्यालयाचं रोजचं काम पालकांना मदत करण्याचं आहे: समुपदेशन, घरी येऊन आधार, गरज असेल तिथे किटाची फी माफ करणं. राग आवरत नसेल, झोप नसेल, नवराबायकोत ताण असेल तर त्यांच्याकडे किंवा गावातल्या कौटुंबिक सल्ला केंद्राकडे स्वतःहून जा. पाहुण्या आजी-आजोबांनाही हा नियम आल्या आल्या सांगून ठेवा.

14. मी नवऱ्यामागे आले, माझी नोकरी सोडून. दिवसभर घरात एकटी असते. काय करू?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि बहुधा रात्री उशिरा लिहिलेला असतो. तुम्ही कमकुवत नाही आहात. ओळखीची माणसं, पगार, भाषा आणि ऊन या चार गोष्टी एकाच महिन्यात गेल्या तर कुणीही खचेल.

तुमच्या निवास कार्डावर नोकरीची परवानगी लिहिलेली असते, कौटुंबिक व्हिसावरही. आधी भाषा. गावोगावच्या फोल्क्सहोखशूलमध्ये, म्हणजे प्रौढांच्या सार्वजनिक शिक्षण केंद्रात, स्वस्त वर्ग असतात. ऑनलाइन वर्गापेक्षा प्रत्यक्ष वर्ग घ्या, कारण तिथे तुमच्याच अवस्थेतल्या सीरियाच्या, ब्राझीलच्या, युक्रेनच्या बायका भेटतात. मूल लहान असेल तर मुलं सांभाळण्याची सोय असलेले वर्ग विचारा. शिक्षिका, परिचारिका, डॉक्टर असाल तर पदवीला मान्यता घ्यावी लागते आणि त्याला महिने लागतात, म्हणून तो अर्ज पहिल्याच वर्षी करा. संगणक क्षेत्रात तशी गरज नाही. सरकारी विम्यात कमाई नसलेली जोडीदार मोफत सामील होते. महिना 603 युरोंपर्यंतचा मिनीजॉब केला तरी ते टिकतं.

नवऱ्यांना माझं सांगणं: बँक खात्यावर, घराच्या करारावर तिचं नाव असू द्या, आणि कार्यालयांच्या पत्रांची उत्तरं दोघं मिळून लिहा. सगळं तुम्हीच निस्तरत राहिलात तर ती मदतीऐवजी कैद होते. महिनोन् महिने मन उदास राहिलं, झोप-भूक गेली तर घरच्या डॉक्टरांना सांगा. मानसोपचाराचा खर्च विमा देतो.

15. इथे बाळंतपण होणार आहे. आई आली तर हेबामे हवी का? आणि बारशापर्यंत नाव कसं थांबवायचं?

दोघी हव्यात. हेबामे म्हणजे प्रशिक्षित सुईण. बाळंतपणानंतर ती घरी येऊन बाळाचं वजन, नाळ, दूध, टाके पाहते. खर्च विमा देतो. गरोदरपण कळताच, म्हणजे आठव्या-दहाव्या आठवड्यातच ती शोधा, नंतर मिळत नाही. नोकरी करणाऱ्या आईला प्रसूतीआधी सहा आणि नंतर आठ आठवडे संरक्षित रजा असते.

आई आणि हेबामेची पहिल्याच दिवशी नीट ओळख करून द्या. तेलाची मालिश, डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा याला हेबामे सहसा हरकत घेत नाही, उलट कुतूहलाने विचारते. दोन गोष्टींवर मात्र ती ठाम असेल आणि तिचं ऐका: वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, कारण त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. आणि बाळ उताणं, स्वतःच्या बिछान्यात, उशी-गोधडीविना झोपवायचं. धुरी आणि शेगडी घरात नकोच, धूरसूचक वाजतो आणि बाळाच्या छातीलाही ते वाईट. ड जीवनसत्त्वाचा रोजचा डोस चुकवू नका, हिवाळ्यात ऊन पुरत नाही.

नावाचं असं आहे: जन्म आठवड्याच्या आत श्टांडेसआम्टकडे (जन्म-विवाह नोंदणी कार्यालयाकडे) कळवावा लागतो. बहुतेक रुग्णालयं ते करतात आणि तिथेच नाव विचारतात. पण नाव एक महिन्यापर्यंत नंतर देता येतं, त्यामुळे बाराव्या दिवसाचं बारसं आरामात बसतं. रुग्णालयात ‘नाव नंतर’ असं स्पष्ट सांगा. जन्मदाखला मात्र तेवढा उशिरा मिळेल, आणि त्याच्याशिवाय किंडरगेल्ड, एल्टर्नगेल्ड (पालकभत्ता), पासपोर्ट काहीच पुढे सरकत नाही. मधलं नाव म्हणून वडिलांचं नाव घालायचं की नाही हे आधी ठरवा. जर्मन कागदावर ते मुलाचं दुसरं नाव होतं, आणि मुलीला पुरुषाचं नाव कसं, असा प्रश्न अधिकारी विचारू शकतात.

16. बाळ इथे जन्मलं म्हणजे जर्मन झालं का?

आपोआप नाही. जन्माच्या वेळी आई किंवा बाबा पाच वर्षं कायदेशीर राहत असतील आणि त्यांच्याकडे बेमुदत निवासाचा हक्क असेल, तर बाळ जन्मतः जर्मन होतं. ही अट 27 जून 2024 पर्यंत आठ वर्षांची होती. तसं नसेल तर बाळ भारतीय. मग वर्षाच्या आत भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात जन्म नोंदवा, पासपोर्ट काढा आणि बाळाचा निवास परवाना घ्या. वर्ष उलटलं तर दिल्लीहून परवानगी लागते. जर्मनी आता दुहेरी नागरिकत्व मान्य करते, भारत करत नाही. जर्मन पासपोर्ट घेतलेल्या मुलासाठी ओसीआय (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीयांचं) कार्ड काढा.

17. आई-बाबांना जास्तीत जास्त किती दिवस बोलावता येतं? कायमचं आणता येईल का?

शेंगेन व्हिसावर कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस. तुम्ही तुमच्या गावच्या परदेशी नागरिक कार्यालयात खर्चाची लेखी हमी द्यायची. तिची फी 29 युरो, पण भेटीची वेळ मिळायलाच आठवडे लागतात. किमान 30,000 युरोंचा प्रवासी आरोग्य विमा लागतो. त्यात जुन्या आजारांचं काय, ते वाक्य शब्दन् शब्द वाचा. मधुमेह, रक्तदाब असेल तर पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या, मूळ औषधाच्या नावासह चिठ्ठी आणि अहवाल हातातल्या बॅगेत.

कायमचं आणणं अपवादात्मक आहे. 1 मार्च 2024 नंतर पहिल्यांदा कुशल कामगाराचा परवाना किंवा ब्लू कार्ड मिळालेल्यांना आई-वडील आणायची तरतूद आहे, पण त्यांचा खर्च आणि आरोग्य विमा तुमच्या जबाबदारीवर. खरी अडचण विम्याची आहे. सत्तरीतल्या माणसाला पुरेसा खासगी विमा फार महाग मिळतो, आणि सरकारी विमा सहसा घेत नाही. अर्ज करायच्या आधी विम्याचं लेखी पत्र मिळवा.

आल्यावर त्यांचे दिवस कसे जातील याचाही विचार करा. तुम्ही कामावर, मुलं शाळेत, हिवाळ्यात बाहेर चार वाजता अंधार. मे ते सप्टेंबर बोलवा. डॉइचलांडटिकेट काढून द्या, महिना 63 युरो, सगळ्या शहरी बस-ट्राम आणि प्रादेशिक रेल्वे त्यात येतात. ती वर्गणी असते, महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द केली की पुढच्या महिन्याचे पैसे वाचतात. घराचा पत्ता मोठ्या अक्षरात लिहून खिशात ठेवा आणि दोन ठरलेले रस्ते सोबत चालून दाखवा. ज्या दिवशी बाबा एकटे जाऊन ब्रेड घेऊन येतात, त्या दिवसापासून त्यांचा मुक्काम सुखाचा होतो.

सणाला बोलावलंत तर एवढं सांभाळा. गणपती नदीत किंवा तळ्यात परवानगीविना विसर्जित करता येत नाही. शाडूची छोटी मूर्ती घरी बादलीत, माती कुंडीत. दिवाळीत फटाके नाहीत, ते फक्त 31 डिसेंबर आणि 1 जानेवारीला उडवता येतात. फुलबाज्या मात्र वर्षभर चालतात, बाल्कनीत नको, मोकळ्या जागेत. आरतीला शेजाऱ्यांना बोलवा (प्रश्न 3 पाहा). मोदक हातावर ठेवला की टाळ-झांजांबद्दल सहसा कुणी काही म्हणत नाही.

18. घरून अचानक वाईट बातमी आली तर? परवान्याचं नूतनीकरण चालू आहे, निघता येईल का?

आधी निघायचं ठरवा, बाकीचं रस्त्यात करता येतं. ऑफिसला एक ओळीचा मेल पुरतो. आई-वडिलांच्या मृत्यूला किती दिवस पगारी रजा मिळेल ते करारावर असतं, बहुधा दोन-एक दिवसच, पण त्यावर वार्षिक किंवा बिनपगारी रजा मागितली तर सहसा नाही म्हणत नाहीत. दहाव्या-तेराव्यापर्यंत थांबणं का गरजेचं आहे ते दोन वाक्यांत लिहा, त्यांना ते माहीत नसतं. मुलांच्या शाळेला त्याच दिवशी मेल करा. जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू हे सुट्टीचं मान्य कारण आहे.

परवान्याची मुदत संपलेली असेल तर फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग नावाचा तात्पुरता कागद लागतो, आणि त्यावर कोणत्या कलमाची खूण आहे ते पाहावं लागतं. कलम 81 परिच्छेद 4 असेल, म्हणजे जुन्या निवास परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज वेळेत दिला असेल, तर पासपोर्टसोबत त्यावर परत येता येतं. परिच्छेद 3 ची खूण असेल तर त्यावर परत येता येत नाही, आणि भारतात नवा व्हिसा काढावा लागतो. हा कागद अजून मिळालेलाच नसेल तर मृत्यूचा दाखला किंवा रुग्णालयाचं पत्र घेऊन परदेशी नागरिक कार्यालयात सकाळी उघडताच जा आणि तातडीची वेळ मागा. परवाना संपायला तीन महिने उरले की अर्ज देऊन ठेवा आणि पोच जपा. घरातल्या प्रत्येकाचा वेगळा अर्ज लागतो, मुलांचाही.